रस कडू होण्याआधी

नागपूरकडे संत्र्याचा रस काढून ठेवत नाहीत. काढला की पितात. सकाळी काढलेला रस दुपारी प्यायला घेतला तर पहिला घोट गोड लागतो, पण गिळल्यावर घशाशी कडवटपणा रेंगाळतो. संध्याकाळपर्यंत तर लहान मुलं त्याला तोंड लावत नाहीत. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, बिया रगडल्या गेल्या असतील. बियांनीही रस कडू होतो हे खरं, पण बिया वेचून काढल्या, फोडींवरचे पांढरे धागे सोलून टाकले, स्वच्छ काचेच्या भांड्यात रस धरला, तरी काही तासांनी व्हायचं ते होतंच.

हा कडूपणा फळात आधी नसतो, तो रसात तयार होतो. फोडीच्या पातळ पापुद्र्यात आणि फळाच्या मधल्या पांढऱ्या भागात एक पदार्थ असतो. त्याला स्वतःला कडू चव नाही. फळ अख्खं असतं तोवर तो आपल्या जागी आणि रसातलं आम्ल आपल्या जागी. फळ पिळलं की दोघांची गाठ पडते, फळातलंच एक एन्झाइम हातभार लावतं आणि त्या बिनचवीच्या पदार्थाचं लिमोनिन व्हायला लागतं. लिमोनिन इतकं कडू, की रसाच्या दहा लाख भागांत त्याचे पाच-सहा भाग असले तरी जिभेला कळतं. रस तापवला की हे आणखी वेगाने होतं. म्हणजे टिकवण्यासाठी पाश्चराइज करायला जावं, तर कडूपणा पक्का होऊन बसतो. विदर्भात संत्रा प्रक्रिया उद्योगाच्या घोषणा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या उद्योगाच्या आड भांडवल, वीज, भाव अशी पुष्कळ कारणं आली असतील, पण त्यातलं एक कारण या फळाच्या पोटातच आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

गंमत अशी, की झाडाकडे याचं उत्तर आहे. फळ जसजसं भरत जातं, तसतसं झाड त्या मूळ पदार्थाला ग्लुकोजचा एक रेणू जोडत जातं. तो जोडला गेला की पुढे लिमोनिन बनत नाही. म्हणून घाईने तोडलेल्या, हिरवट फळाचा रस जास्त कडू होतो आणि झाडावर पूर्ण भरू दिलेल्या फळाचा कमी.

मी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. हा धडा दर हिवाळ्यात वर्गात संत्री कापूनच शिकवते. एका पेल्यात आदल्या संध्याकाळी काढलेला रस, दुसऱ्यात वर्गातच पिळलेला. मुलं आधी शिळ्या रसाचा घोट घेतात, चेहरा कसानुसा करतात, मग ताजा रस पितात, आणि पुढच्या तासाला एन्झाइम म्हणजे काय हे मला वेगळं सांगावं लागत नाही. गेली काही वर्षं या धड्याच्या शेवटी एखादं मूल हमखास विचारतं, ‘मॅडम, ते एन्झाइम बंद नाही का करता येणार?’ ही मुलं क्रिस्परचं, म्हणजे जनुकात नेमक्या जागी बदल करण्याच्या तंत्राचं, नाव शाळेतच ऐकून येतात. त्यांच्या या प्रश्नाने मला जी ओढ लावली, तिच्यातून हा लेख लिहिते आहे. फळांच्या चवीसाठी आणि ताजेपणासाठी जगभर जनुक संपादनाचे जे प्रयोग चालले आहेत, त्यातला प्रत्येक प्रयोग वाचताना मी तो आपल्या संत्र्याला लावून बघते.

आधी ताजेपणाचं बोलते, कारण सगळ्यात जास्त बोललं जातं ते त्याबद्दल.

दिवाळीच्या आसपास पहाटे नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात गेलात तर संत्र्याच्या राशी जमिनीवर ओतलेल्या दिसतात. गाडीतून माल रिचवताना फळ फळावर आदळतं. ज्या फळाचा देठ ओढून तोडलेला असतो, त्याच्या देठाच्या जागी सालीला बारीकशी फाट पडलेली असते, आणि तिथूनच तीन-चार दिवसांत हिरवी बुरशी आत शिरते. एक फळ सडलं की पेटीतली शेजारची चार त्याच्या मागून जातात. नागपुरी संत्र्याची साल ढिली, पातळ, फोडींपासून सुटलेली. चाकू लागत नाही. अंगठ्याचं नख देठापाशी रोवलं की साल अलगद निघते. हीच खूण आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो आणि हीच साल दूरच्या बाजारात जाताना दगा देते. पंजाबचा किन्नो घट्ट सालीचा, प्रवासाला कणखर. हिवाळा सरत आला की नागपुरातल्या ठेल्यांवरही किन्नोच रचलेला दिसतो, रसवाल्यांकडे तर सर्रास तोच.

पण संत्र्याचा ताजेपणा आणि केळ्याचा ताजेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केळं, आंबा, टोमॅटो ही फळं तोडल्यावरही पिकत राहतात. ती इथिलिन वायू सोडतात, त्याने पिकणं आणखी वेग घेतं, आणि पिकण्याच्या पुढची पायरी सडणं ही असते. तिथे इथिलिन बनवणाऱ्या जनुकावर काम केलं की फळ जास्त दिवस टिकतं. केळ्यावर असे प्रयोग झालेही आहेत. संत्रा तोडल्यावर पिकत नाही. त्याच्यात साखरेत बदलायला स्टार्चचा साठाच नसतो; तोडताना जेवढा गोड, तेवढाच शेवटपर्यंत. तो म्हातारा होतो तो दोन कारणांनी: सालीतून पाणी उडून जातं आणि जखमेतून बुरशी शिरते. ही दोन्ही कारणं हातानं आवरण्यासारखी आहेत. कात्रीने देठ ठेवून फळ काढलं, उन्हात ढीग न घालता सावलीत ठेवलं, मेणाचा पातळ लेप दिला आणि सहा-सात अंश सेल्सिअसच्या शीतगृहात ठेवलं, तर नागपुरी संत्रा महिनाभराहून जास्त चांगला राहतो. आपल्या अमरावती रस्त्यावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने हे सगळं बागायतदारांना वर्षानुवर्षं सांगितलं आहे. ही संस्था १९८५ पासून नागपुरात आहे.

म्हणून टिकाऊपणासाठी संत्र्याची साल जाड किंवा घट्ट करणारं संपादन करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या कामाला कात्री, सावली आणि थंड खोली पुरते, त्यासाठी फळाचा स्वभाव बदलायचा कशाला? ढिली साल गेली तर राहील तो नागपुरी संत्रा नव्हे. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते जशाच्या तशा या फळाला मिळालं.

टोमॅटोचं उदाहरण इथे डोळ्यांसमोर ठेवायला हवं. १९९४ मध्ये अमेरिकेत ‘फ्लेवर सेव्हर’ नावाचा टोमॅटो बाजारात आला. माणसाने जनुकीय बदल करून विकायला आणलेलं ते पहिलं अख्खं फळ. पेक्टिन विरघळवून फळ मऊ करणाऱ्या जनुकाला त्यात आवर घातला होता, त्यामुळे तो वेलीवर जास्त दिवस पिकू देता यावा अशी कल्पना होती. नावातच चव होती, पण ज्या वाणात हा बदल केला ते वाणच चवीला बेताचं होतं, खर्चही परवडेना, आणि काही वर्षांतच तो बाजारातून गेला. त्याच्याही आधीची गोष्ट मला जास्त लागते. टोमॅटो एकसारखे लाल दिसावेत, देठापाशी हिरवा पट्टा राहू नये, म्हणून पैदासकारांनी अनेक दशकं तशीच रोपं निवडली. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की तो हिरवा पट्टा जिच्यामुळे जातो ती जनुकातली बिघाडाची खूण आहे, आणि तिच्यामुळे कच्च्या फळातलं हरितद्रव्य कमी होऊन साखरही कमी बनते. म्हणजे रंगासाठी निवड करता करता गोडवा घालवला आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांच्या गटाने सुमारे ४०० वाण तपासले आणि आधुनिक व्यापारी वाणांतून वासाची-चवीची कितीतरी संयुगं ओसरली असल्याचं मांडलं. या शेवटच्या दोन्ही गोष्टींत जनुक संपादन कुठेच नव्हतं. नुसत्या निवडीने, बाजाराच्या डोळ्याने बघून, एवढं नुकसान झालं होतं.

याच टोमॅटोत आता उलट दिशेने काम सुरू आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात ‘नेचर’ या नियतकालिकात चिनी शास्त्रज्ञांनी दोन जनुकांबद्दल लिहिलं. ही दोन जनुकं फळात साखर साठण्याला आवर घालतात. क्रिस्परने ती निकामी केल्यावर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ३० टक्क्यांपर्यंत वाढलं, आणि फळाचा आकार किंवा उत्पन्न कमी झालं नाही. जपानमध्ये तर २०२१ पासून संपादित टोमॅटो लोकांच्या घरी आहे. गाबा नावाचं, रक्तदाबाच्या दृष्टीने उपयुक्त मानलं जाणारं द्रव्य त्यात जास्त आहे. तो बाजारात आणण्याआधी घरच्या बागेत लावायला लोकांना रोपं फुकट वाटली होती. मला ही पद्धत आवडली. फिलिपिन्सने २०२३ मध्ये न काळवंडणाऱ्या केळ्याला जनुकीय परिवर्तित पिकांच्या नियमांबाहेर ठेवलं; कापल्यावर काळं पाडणारं एन्झाइम त्या केळ्यात चालत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मोहरीची पानं विकायला आली, ज्यांतला झणझणीत उग्रपणा संपादनाने कमी केला आहे, म्हणजे कच्ची खाता यावीत. आपल्याकडे मोहालीच्या राष्ट्रीय संस्थेने ग्रँड नैन केळ्यात बीटा कॅरोटिन वाढवून दाखवलं आहे.

या सगळ्या प्रयोगांत काय करतात ते साध्या भाषेत सांगते. क्रिस्परमध्ये एक मार्गदर्शक आरएनए असतो आणि कॅस नावाचं एक प्रथिन. आरएनए पेशीतल्या डीएनएवरची नेमकी जागा शोधतो, प्रथिन तिथे काप देतं. पेशी तो काप स्वतःच सांधते. सांधताना एखाद-दुसरं अक्षर गळतं किंवा जास्तीचं पडतं आणि ते जनुक काम करेनासं होतं. असे बदल निसर्गात आपोआपही होत असतात. नागपुरी संत्र्याच्या बागेत एखाद्या फांदीला कमी बियांची फळं लागतात, ती फांदी ओळखून तिचा डोळा, म्हणजे फुटवा येणारी कळी, दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधला की नवी निवड तयार होते, ती अशाच आपसूक बदलातून. हे तंत्र २०१२ मध्ये मांडणाऱ्या इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हे आता शाळेतली मुलंही सांगतात.

पण मग प्रश्न येतो: चव सुधारायची तर साधा संकर का नको? गव्हात, ज्वारीत, तुरीत शतकभर तेच केलं. संत्र्यात ते का जमत नाही हे समजल्याशिवाय संपादनाचं मोल कळणार नाही.

संत्र्याची एक बी पेरा. एकाच बीतून दोन-तीन-चार अंकुर येतात. त्यातला फार तर एक परागीभवनातून जन्मलेला असतो. बाकीचे बीजांडाच्या पेशींतून, थेट आईच्या शरीरातून आलेले, हुबेहूब आईसारखे. बहुतेक वेळा हेच जोमदार निघतात आणि संकरातून आलेला अंकुर त्यांच्या गर्दीत मरतो. समजा तो वाचला, तरी त्याला पहिलं फळ लागायला पाच-सात वर्षं थांबावं लागतं. आणि फळ लागल्यावर कळतं, की तो संत्रा राहिलेला नाही. त्याच्यात दुसऱ्या झाडाची निम्मी जनुकं मिसळून काहीतरी तिसरंच फळ तयार झालेलं असतं. किन्नो असाच जन्मला: कॅलिफोर्नियात १९१५ मध्ये ‘किंग’ आणि ‘विलो लीफ’ या दोन जातींचा संकर केला, आणि वाण म्हणून तो बाहेर पडला १९३५ मध्ये. वीस वर्षांनी एक चांगलं, पण वेगळं फळ मिळालं.

नागपुरी संत्रा मला वेगळा नको आहे. तोच हवा आहे, एवढाच की त्याचा रस संध्याकाळपर्यंत गोड राहावा. संकर हे देऊ शकत नाही. निवडीने ते मिळायचं तर हजारो झाडांतून आपसूक घडलेला नेमका तोच बदल कुणाच्या तरी नजरेला पडायला हवा, आणि रसाचा कडूपणा फांदीवर दिसत नाही. संपादनात मात्र बाकी सगळं जिथल्या तिथे राहून एका जागी हात घालता येतो. हे एकच काम असं आहे, जे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होताना मला दिसत नाही.

काम सोपं नाही, हेही सांगायला हवं. लिमोनिन आणि त्याच्या कुळातली द्रव्यं झाडात कोणकोणत्या पायऱ्यांनी बनतात याचा मोठा उलगडा २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. या कुळातली द्रव्यं फक्त संत्र्यात नाहीत, कडुनिंबाच्या नातलगांतही आहेत, आणि झाडं ती आपल्या मजेखातर बनवत नाहीत. किडींना ती नकोशी असतात. संपूर्ण झाडातूनच ती बंद केली तर पानं कोवळी असताना काळ्या माशीला आणि पानं पोखरणाऱ्या अळीला आपण मेजवानी दिली असं व्हायचं. म्हणून पानाला धक्का न लावता बदल फळापुरता ठेवायला हवा. माझ्या मुलांनी विचारलेलं ‘एन्झाइम बंद करणं’ हा एक रस्ता. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: झाड जे काम उशिरा करतं, म्हणजे ग्लुकोज जोडण्याचं, ते त्याने लवकर आणि जास्त करावं. पण जनुक बंद करणं सोपं असतं आणि त्याचं काम वाढवणं अवघड. त्यासाठी जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागात बारीक बदल करावे लागतात. लिंबूवर्गीय झाडांत संपादन होतं हे तर सिद्धच आहे. लिंबाला त्रास देणारा खैऱ्या रोग ज्या जनुकाचा आधार घेऊन फोफावतो, त्या जनुकात बदल करून रोगाला तोंड देणारी लिंबूवर्गीय झाडं अमेरिकेत आणि चीनमध्ये तयार झाली आहेत. बाहेरचा डीएनए आत न घालता, तयार प्रथिन आणि आरएनए पेशीत सोडून केलेलं कामही झालं आहे. संत्र्यासारख्या कलमी झाडात हे फार महत्त्वाचं. भातात बाहेरून घातलेला डीएनए पुढच्या पिढीत संकराने काढून टाकता येतो. इथे संकर केला की वाणच हातचं जातं.

आता काटोलच्या मामांकडे येते. बाग त्यांची, प्रश्न त्यांचे.

मामांच्या बागेत जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा बांधलेली झाडं आहेत. त्यांतली अर्धीअधिक आता थकली आहेत. मागच्या खेपेला गेले तेव्हा ते एका बुंध्याशी उकिडवे बसून डिंक्या खरवडत होते. बुंध्यावरून तपकिरी डिंकाचे ओघळ आलेले, त्याखालची साल मऊ, कुजकी. चाकूने ती पांढऱ्या लाकडापर्यंत साफ करायची आणि वर बोर्डो पेस्ट लावायची. मी त्यांच्याशेजारी बसून हे सगळं सांगितलं. त्यांनी हात न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तू सांगून राहिली ते समजलं मले. पण कापसाच्या वक्ताला बी असंच गोड बोलून राहिले होते ना. बोंडअळी येनारच नाही म्हने.’

यावर पटकन ‘ते वेगळं तंत्र होतं’ असं उत्तर देता येतं, आणि ते खरंही आहे. बीटी कापसात जिवाणूचं जनुक बाहेरून आणून घातलं होतं. संपादनात बाहेरचं काही ठेवावं लागत नाही. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या त्या कापसाने सुरुवातीला अळीला रोखलंही. पण गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडंच्या बोंडं आतून पोखरलेली निघाली. मामांचा आक्षेप जनुक कुठून आलं यावर नव्हताच. ज्यांनी खात्री दिली, ते नुकसानीच्या वेळी कुठे होते, हे ते विचारत होते. तंत्रातला फरक समजावून त्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

त्यांचा दुसरा प्रश्न आणखी सरळ होता. ‘कलम कोन देईन? अन् कितीले देईन?’

कायद्याची वाट बरीच मोकळी झाली आहे. ३० मार्च २०२२ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, ज्या संपादित पिकांत बाहेरचा डीएनए राहिलेला नाही, त्यांना जनुकीय परिवर्तित जीवांसाठीच्या कडक नियमांतून सूट दिली. ४ मे २०२५ ला देशातली पहिली दोन संपादित भाताची वाणं जाहीर झाली: सांबा मसुरीपासून हैदराबादच्या संस्थेने केलेलं ‘कमला’ आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचं ‘पुसा डीएसटी राइस १’. दोन्ही सरकारी संस्थांची आहेत याचा मला आनंद आहे. पण क्रिस्परच्या हत्यारावरची पेटंटं परदेशी विद्यापीठांकडे आणि कंपन्यांकडे आहेत, आणि वाण शेतात व्यापारासाठी जायच्या वेळी त्यांच्याशी बोलणी करावीच लागतात. संत्र्याचं हे काम नागपूरच्या सार्वजनिक संस्थेनेच करावं आणि परवान्याचा भार सरकारने उचलावा, असा माझा आग्रह आहे. मातृवृक्ष तयार झाले की त्यांचे डोळे शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांना द्यावेत. विदर्भातल्या संत्र्याच्या कलमा पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच जातात. कलमेवर ती संपादित आहे अशी चिठ्ठी असावी. बागायतदाराला आपल्या झाडाचा डोळा आपल्याच दुसऱ्या झाडावर बांधायची मुभा असावी. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखण्याचा, वापरण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क दिलेला आहे. कलमी फळझाडांच्या बाबतीत तो कागदावर राहू नये.

आणखी एक गोष्ट नागपूरने विसरू नये. २०१० च्या सुरुवातीला बीटी वांग्याचा निर्णय घेण्याआधी केंद्र सरकारने देशातल्या सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या होत्या आणि त्यांतलं एक शहर नागपूर होतं. शेतकरी, शास्त्रज्ञ, कार्यकर्ते, सगळे एका सभागृहात आले होते, आवाज चढले होते. त्यानंतर त्या वांग्याला स्थगिती मिळाली. निर्णय पटो न पटो, लोकांना विचारायची ती रीत चांगली होती. आता संपादित पिकांना कडक नियमांतून सूट मिळाली आहे, म्हणून असं विचारणं आपण होऊन करायला हवं. आणि सुनावणीत नुसते कागद नकोत, फळं हवीत. आंबिया बहाराचं फळ आणि मृगाचं फळ, दोन्ही. कारण मामा पाण्याचा ताण देऊन जो बहार धरतात त्यावर चव ठरते. मृगाचा संत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, थंडी खाऊन रंगलेला आणि गोड. आंबियाचा नोव्हेंबरात, हिरवट-पिवळा, थोडा आंबट आणि रस कडू होण्यात पुढे. प्रयोगशाळेच्या जाळीघरातल्या एका झाडाच्या फळावरून हे ठरणार नाही. काटोल, वरुड, मोर्शी इथल्या वेगवेगळ्या जमिनींत झाडं वाढू द्यावीत, दोन्ही बहार घ्यावेत, आणि बागायतदार, अडते, रस काढून विकणारे, घरात रोज फळ खाणारे असे सगळे चाखायला बसवावेत. त्यांनी ‘हा आपला संत्रा नाही’ म्हटलं, तर ते वाण बाहेर काढू नये.

एवढं सगळं व्हायला वेळ लागतो. पेशीत बदल करायचा, तिच्यापासून रोप उभं करायचं, खुंटावर चढवायचं, पहिलं फळ यायला चार-पाच वर्षं थांबायचं, मग काही बहार तपासायचे. आज सुरुवात केली तरी दहा-बारा वर्षं सहज जातात. दरम्यान बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की आपला माल अडून बसतो, चुरी, म्हणजे बारीक फळं, मातीमोल जाते, आणि रस टिकत नाही म्हणून ती चुरी कुणी घेत नाही. टिकाऊ रसाला पहिला उपयोग असेल तो या चुरीचा. उत्तम फळ तसंही खाल्लं जातंच.

मामा या पावसाळ्यात जुनी झाडं काढून नव्या कलमा लावणार आहेत, नेहमीच्याच. एका कडेला दोन ओळी रिकाम्या ठेवा म्हणून मी त्यांच्या मागे लागले आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत. मामी म्हणाली, ‘ठेवा ना. तोवर तिथं तूर पेरू.’